फुलाफुलांचा फ्रिज स्टीलचा कसा करायचा?

पत्र

काका, आम्ही मार्चमध्ये पंचवटीतल्या वाड्यातून पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटमध्ये आलो. करड्या रंगाच्या ट्रॉल्या करून घेतल्या आणि तिथेच पैसे संपले. आता त्या नव्या ओट्याशेजारी आमचा १४ वर्षांचा मरून, फुलाफुलांचा फ्रिज म्हणजे लग्नात कुणीतरी गाऊनवर आल्यासारखं दिसतं. खालच्या कडेला त्याला गंजही चढलाय. शिवाय पिवळा पडलेला मिक्सर, काळवंडलेला ओटीजी (भाजायचा छोटा विजेचा ओव्हन), मायक्रोवेव्ह, पत्र्याची जुनी मांडणी आणि स्टीलची शेगडी आहेच. मोबाइलवर बघते तर लोक स्प्रे मारून सगळं स्टीलसारखं चकाचक करतात. आमचे हे म्हणतात, हप्त्यावर नवा फ्रिज घेऊ. भाऊ म्हणतो, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नेऊन पावडर कोटिंग करून आण. माझ्या हातात साडेतीन हजार आहेत आणि दिवाळीच्या आत करायचंय. स्टीलचा रंग बरा की पितळी? आणखी एक : सासूबाईंनी वणीहून आणलेलं देवीचं चुंबक फ्रिजवर आहे. स्टीलच्या फ्रिजवर चुंबक चिकटत नाही म्हणतात, खरं का?
– एक वाचक, पाथर्डी फाटा

उत्तर

ताई,

गाऊनची उपमा वाचून हसलो, आणि मग आमच्या स्वयंपाकघरात डोकावलो. तिथेही एक पाहुणा गाऊनवरच उभा आहे. त्याची गोष्ट पुढे सांगतो.

सातपूरच्या एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये मी ११ वर्षं काढली. त्या अनुभवावरून आधीच सांगून टाकतो, तुमच्या यादीतल्या दोनच वस्तूंना नवा साज चढवा : फ्रिज आणि मांडणी. बाकी चौघांना नुसती आंघोळ घाला. साडेतीन हजार सहा वस्तूंवर पसरलेत तर सहाही वस्तू अर्धवट दिसतील.

पण फ्रिजवर एक रुपया घालण्याआधी दहाची नोट काढा. फ्रिजचं दार उघडा, नोट चौकटीला लावा आणि तिच्यावर दार बंद करा. आता ओढून बघा. नोट अडून अडून निघाली तर दाराचं रबर धड आहे. लोण्यातून सुरी निघावी तशी आली, तर रबर गेलंय, गार हवा बाहेर जातेय आणि कॉम्प्रेसर दिवसभर राबतोय. चारही बाजूंनी चार-पाच ठिकाणी बघा. रबर गेलं असेल तर पहिला खर्च त्याचा. कॉम्प्रेसरच कण्हत असेल, तर मात्र तुमच्या 'ह्यां'चं ऐका, मरणाऱ्याला शेरवानी शिवण्यात अर्थ नाही.

आता भावाचा पावडर कोटिंगचा सल्ला. अंबड-सातपूरला हे काम उत्तम होतं, यात वाद नाही. पण पावडर कोटिंगमध्ये कोरडी भुकटी विजेच्या भाराने पत्र्यावर चिकटवतात आणि मग ती वस्तू साधारण १८० ते २०० अंश तापमानाच्या भट्टीत घालतात. भुकटी वितळून एकजीव होते ती तिथे. तुमच्या फ्रिजच्या पत्र्याआड काय आहे? फोम. त्याच्या आत प्लास्टिक. शिवाय गॅसच्या नळ्या आणि वायरी. त्या भट्टीतून फ्रिज परत येणार नाही, त्याचा पापड येईल. भावाला म्हणावं, सल्ला चांगला आहे, फक्त वस्तू चुकली. मांडणी त्यालाच घेऊन जायला सांगा, पुढे येतोच त्यावर.

राहिला स्प्रे की फिल्म हा प्रश्न. मी आयुष्यभर रंगाचं काम केलं, तरी तुम्हाला फिल्म लावायला सांगतोय. का ते हिशेबाने बघा. सिंगल डोअर फ्रिजचं दार धरा दोन फूट बाय चार फूट, म्हणजे ८ चौरस फूट. दोन बाजू धरून २४. स्प्रेच्या ४०० मिलीच्या डब्यात एका हाताला, म्हणजे एका थराला, साधारण १२ ते १५ चौरस फूट भागतं. चंदेरी रंगाचे दोन हात द्यायचे तर चार डबे. खाली अस्तराचे दोन, वरून पारदर्शक लॅकरचे दोन. झाले आठ डबे, आणि डबा अडीचशे ते साडेतीनशेला. तुमच्या साडेतीन हजारांतले दोन ते अठ्ठावीसशे तिथेच गेले.

आणि तेवढं करूनही चंदेरी रंग नवख्या हाताला फसवतो. त्यात धातूचं बारीक पापुद्र्यांसारखं चूर्ण असतं. डबा एके ठिकाणी जवळ गेला, दुसरीकडे लांब राहिला, की ते चूर्ण कमीजास्त बसतं आणि दारावर ढग दिसायला लागतात. लाल किंवा पांढऱ्या रंगात अशी चूक खपून जाते. चंदेरीत ती ट्यूबलाइट लावली की लगेच दिसते. कारखान्यात आमचेही पॅनेल यामुळे परत यायचे, आणि आमच्याकडे स्प्रे गन होती, कॉम्प्रेसर होता, मागे उभा राहून ओरडणारा सुपरवायझरही होता.

हार्डवेअरवाला तुम्हाला आणखी स्वस्तात एक डबा दाखवेल : लोखंडी गेटला आणि ग्रिलला लावतात तो अॅल्युमिनियम पेंट. तो अजिबात नको. त्यातले पापुद्रे तरंगून वर येऊन बसतात, म्हणून तर तो इतका चमकतो. पण वर आलेलं हाताला लागतं. आमच्या शेजाऱ्यांनी तो फ्रिजला लावला होता. महिनाभर त्यांच्या घरात ज्याच्या त्याच्या बोटांना राखाडी काजळी. वरून लॅकर मारला, तर काजळी थांबली आणि चमकही गेली. फ्रिज शेवटी गोदामाच्या शटरसारखा दिसायला लागला.

म्हणून फिल्म. ब्रश मारलेल्या स्टीलसारख्या बारीक रेषा असलेली, मागे गोंद असलेली. ती ऑनलाइन मिळते, आणि गाड्यांना स्टिकर लावणाऱ्या रेडियमवाल्यांकडेही मिळते. मी रेडियमवाल्याकडे जायला सांगेन, कारण तिथे तुकडा हातात धरून बघता येतो. कागदासारखी कडक असेल तर सोडून द्या. दोन्ही हातांनी हलकेच ताणल्यावर जरा लवली पाहिजे, नाहीतर दाराच्या गोल कडेवर ती वळणार नाही. चकचकीत आरशासारखी घेऊ नका, बोटांचे ठसे पुसण्यात जन्म जाईल. भाव दुकानागणिक वेगळा, पण चौरस फुटाला ७० ते १०० च्या आसपास बोलणं करा. दार आणि जी बाजू दिसते ती, अशा १६ चौरस फुटांना दीड हजाराच्या आसपास खर्च येईल. कडेला वळवायला चारही बाजूंनी दोन-दोन इंच जास्त धरा.

बाजूला फिल्म लावण्याआधी फ्रिजच्या मागे बघा. काळी जाळी उघडी दिसत असेल तर उष्णता तिथून बाहेर जाते, बाजू मोकळ्या आहेत. जाळी दिसत नसेल आणि चालू फ्रिजच्या बाजूला हात लावल्यावर कोमट लागत असेल, तर उष्णता त्याच पत्र्यातून निघते. अशा बाजूला फिल्म लावू नका. फक्त दार करा. करड्या ट्रॉल्यांच्या शेजारी मरून बाजूची एक पट्टी दिसली तर काही बिघडत नाही.

आता खरं काम, धुणं. आमच्या पेंट शॉपमध्ये 'सेव्हन टँक' चालायचं. पत्रा एकामागून एक सात टाक्यांतून जायचा : तेल काढायचं, पाणी, गंज काढायचा, पाणी, फॉस्फेटिंग (रंग धरावा म्हणून फॉस्फेटचा थर), पाणी आणि शेवटी पॅसिव्हेशन, म्हणजे तो थर पक्का करणं. एवढं झाल्यावर मग रंग. निम्मं पेंट शॉप म्हणजे धोबीघाट. नव्या पोरांना वाटायचं, आपण रंगारी झालो. पहिले सहा महिने ते फक्त धुवायचे.

तुमच्या फ्रिजवर १४ वर्षांच्या फोडण्यांची वाफ बसलीय. ती डोळ्यांना दिसत नाही, बोट घासलं की चिकट लागते. फ्रिज बंद करून प्लग काढा, रिकामा करा, बर्फ पूर्ण वितळू द्या. कोमट पाण्यात भांड्यांचं लिक्विड घालून दार धुवा, मग नुसत्या पाण्याने, मग परत लिक्विडने. हँडलच्या खाली आणि दाराच्या वरच्या कडेला जुना ब्रश फिरवा, सगळा मळ तिथे दडलेला असतो. मग स्वच्छ पाण्याचा फवारा मारून दाराकडे बघत उभ्या राहा. पाण्याचा पडदा अखंड खाली उतरला तर पत्रा स्वच्छ. मध्येच पडदा फाटून कमळाच्या पानावरच्यासारखे थेंब झाले, की तिथे तेल आहे. आम्ही याला 'पाणी फुटणं' म्हणायचो. पाणी फुटायचं थांबेपर्यंत धूत राहा. ज्या जागी पाणी फुटलं, तिथूनच पुढे फिल्म सुटते. गाडीचं पॉलिश दारावर कधी फिरवलं असेल तर आणखी दोनदा धुवा.

खालच्या गंजाचं काम फिल्मच्या आधी करायचं. फरशी पुसताना पाणी तिथे लागत राहतं, त्यातून तो येतो. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने गंजाचा भुगा निघून खालचा उजळ पत्रा दिसेपर्यंत घासा. मग २२० ने आजूबाजूच्या रंगाची कड बोटाला लागणार नाही इतकी उतरवा. कोरडं फडकं फिरवून लगेच रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या तांबड्या अस्तराचा, पातळ हात द्या. लगेच म्हणजे त्याच तासात. घासलेला पत्रा रात्रभर उघडा राहिला तर सकाळी परत तांबूस झालेला दिसेल. खड्डे असतील तर रेड ऑक्साइड वाळल्यावर लांबी (पुटी) भरा, ३२० च्या वॉटर पेपरने ओलं करून घासा, म्हणजे धूळ उडत नाही, आणि वर करड्या एनॅमलचे दोन हात द्या. गंज खाऊन पत्र्याला आरपार भोक पडलं असेल तर मात्र थांबा. आतल्या फोममध्ये पाणी शिरलेलं असतं, वरून झाकून ते थांबत नाही. आणि फ्रिजला स्टँड घ्या. गंजावरचं ते सगळ्यात स्वस्त औषध.

फिल्म लावायला दोन माणसं लागतात. 'ह्यां'ना हप्त्याचा फॉर्म भरायला लावण्याऐवजी फिल्मचं वरचं टोक धरायला लावा. हँडल स्क्रूचं असेल तर काढून ठेवा. फवाऱ्याच्या बाटलीत पाणी आणि शॅम्पूचे दोन-चार थेंब घेऊन दार ओलं करा. त्यामुळे फिल्म चिकटण्याआधी सरकवता येते, वाकडी बसली तर उचलता येते. मागचा कागद एकदम सोलू नका. वरून वीतभर सोला, फिल्म ओळंब्यात धरा, आणि जुन्या एटीएम कार्डाला मऊ फडकं गुंडाळून मधून कडेकडे पाणी काढत खाली या. स्टीलच्या रेषा दारावर आणि बाजूवर एकाच दिशेने हव्यात. एकीकडे उभ्या आणि दुसरीकडे आडव्या झाल्या की लांबूनच कळतं, हा कागद आहे. कोपऱ्यांवर हेअर ड्रायर फिरवा, फिल्म मऊ पडते आणि वळते. बुडबुडा राहिला तर शिवणाच्या सुईने टोचा आणि अंगठ्याने दाबा. कड आत वळवताना रबराच्या आधीच थांबा. रबराखाली फिल्म गेली की दार नीट बसणार नाही आणि दहाच्या नोटेची परीक्षा नापास. पुढचा एक दिवस ओलं फडकं लावू नका.

मांडणी भावाबरोबर अंबडला पाठवा. पत्र्याची आहे, भट्टीत जाऊ शकते. कोटिंगवाल्याला दोन गोष्टी विचारायला सांगा. जुना रंग पूर्ण काढून देणार का, आणि चंदेरीचा घाणा कधी आहे. हे लोक दिवसाला एकेक रंग चालवतात, गन आणि बूथ साफ करून रंग बदलणं त्यांना परवडत नाही. चंदेरी चालू असलेल्या दिवशी तुमची मांडणी त्याच लॉटमध्ये टांगली तर भाव बराच खाली येतो. हजाराच्या आत बसवा. थोडं जास्त सांगितलं तरी घासाघीस करायला नाशिककराला शिकवायला नको.

मिक्सरला हात लावू नका. आता आमच्या घरच्या पाहुण्याची गोष्ट. २०११ मध्ये बायको माहेरी गेली असताना मी तिचा मिक्सर रंगवायला काढला. पेंट शॉपमधला माणूस, अंगात मस्ती. धुवायचं सोडून फडक्यावर एनसी थिनर (लॅकर पातळ करायचं द्रावण) घेतला आणि मिक्सर पुसला. मिक्सरचं अंग एबीएस प्लास्टिकचं, ते थिनरमध्ये विरघळतं हे मला नोकरीत रोज दिसायचं. पत्र्यावर काम करण्याची सवय हाताला, डोकं नंतर पोचलं. प्लास्टिक गुळाच्या पाकासारखं झालं. उचलायला गेलो तर अंगठा आत रुतला. तो ठसा आजही मिक्सरवर आहे आणि आधारला लावता येईल इतका स्पष्ट आहे. बायकोने तो मिक्सर मुद्दाम ठेवलाय. तुमच्या मिक्सरला फिल्म लावायचं मनात येईल, पण खालची हवेची भोकं झाकली गेली तर मोटर जळेल. पिवळेपणा राहू द्या.

ओटीजीलाही फिल्म किंवा साधा स्प्रे नको, बाहेरचा पत्रा तापतो, आधी वास येईल आणि मग पोपडे. आतून तर काहीच मारायचं नाही, तिथे आपण खायचं भाजतो. मायक्रोवेव्ह बाहेरून पुसा, झालं. त्याचं कव्हर उघडायचा मोह कुणालाही होऊ देऊ नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये २००० व्होल्टच्या घरातला भार शिल्लक राहू शकतो. आतला रंग उडून गंज दिसत असेल किंवा ठिणग्या पडत असतील, तर तो मेकॅनिकचा विषय.

शेगडी तुमच्याकडे आहे तीच खऱ्या स्टीलची, म्हणजे ज्याची बाकीच्यांना नक्कल करायचीय ते तिच्याकडे आधीच आहे. तिला फक्त तारेच्या घासणीपासून वाचवा. त्या तारेचे लोखंडी कण स्टीलवर राहतात आणि तेच नंतर गंजतात, बदनाम मात्र शेगडी होते. मऊ स्पंज, रेषांच्या दिशेने.

पितळी रंगाचं विचारलंत. माझं मत विचारलंत म्हणून सांगतो, खोटं पितळ लांबूनच ओळखू येतं. आपण नाशिकचे, तांब्या-पितळेची भांडी इथे एके काळी नावाजलेली. जिथे खरं पितळ बघून डोळे तयार झालेत, तिथे सोनेरी फिल्म फार दिवस रुचणार नाही. हौस असेल तर उरलेल्या पैशांत भांडी बाजारात जाऊन ट्रॉल्यांना दोन-तीन पितळी मुठी बघा. लॅकर लावलेल्या घेतल्यात तर काळ्या पडत नाहीत, आणि त्यांना चिंच लावून घासू नका, लॅकर निघेल. बिनलॅकरच्या घेतल्यात तर चिंच-मीठ आहेच.

दिवाळीच्या आत म्हणता, पण पावसात रंगाला हात घालू नका. हवेत ओल असली की लॅकर पांढुरका पडतो, दुधाचा हात फिरवल्यासारखा. एनॅमल चिकट राहतं आणि त्यावर चिलटं बसतात. परतीचा पाऊस सरला की दसऱ्याच्या आसपासचे दोन कोरडे दिवस धरा. पहिल्या दिवशी धुणं, गंज आणि रेड ऑक्साइड, दुसऱ्या दिवशी एनॅमल, आणि एनॅमल कडक व्हायला आठवडा देऊन मग फिल्म. रंगकाम गॅलरीत करा, शेगडीचा रेग्युलेटर बंद ठेवा, तोंडाला मास्क लावा. थिनरची वाफ ज्वालाग्राही असते, एवढं लक्षात असू द्या.

आणि देवीचं चुंबक. सासूबाईंना सांगा, काळजी नको. चुंबक न चिकटणारे फ्रिज वेगळे. काही महागड्या फ्रिजच्या दारांना ज्या जातीचं स्टेनलेस स्टील असतं, त्याला चुंबक धरत नाही. तुमचं दार आतून लोखंडी पत्र्याचंच राहणार आहे, वर फक्त कागदाएवढी फिल्म. चुंबक तिच्यातून धरेल. फक्त दारावरून सरकवू नका, रेषा ओरखडतात. उचलायचं आणि हवं तिथे ठेवायचं.